विमानाचं समोर कुठलं?

“सोड!” राजानंददादा ओरडला आणि प्रीतीने हातातलं थर्माकोलचं विमान वाऱ्यावर भिरकावलं. सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या वावरावरून ते झकास वर चढलं.

“आता ऑटोवर टाकतो, स्वतःच उडेल!” दादाने रिमोटवरचं बटण ओढलं.

विमान जरासं उजवीकडे कललं. मग आणखी कललं. आणि धप्पकन ढेकळांत! दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्यांदा पंख मोडला.

प्रीतीचा हा चुलतभाऊ इंजिनिअरिंगला होता. चूक आपली असेल, हे त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं!

“सूरज, तूच विमानाच्या पेटीत हात घातला ना?”

“न्हाई दादा! आईशपथ न्हाई!” प्रीतीच्या धाकट्या भावाचे डोळे भरून आले.

“एकच जास्तीचा पंख उरलाय. उद्या जालन्याच्या प्रदर्शनात उडवून दाखवायचंय. तू घरीच राह्य!”

सूरज आठ दिवसांपासून जालन्याची वाट बघत होता. प्रीतीला राहवेना.

“थांब की दादा! हातानं उडवलं की नीट उडतं, ऑटोवर टाकलं की पडतं. म्हंजे त्याचा मेंदूच उलटा चालून राह्यला!”

मेंदू म्हणजे विमानाच्या पेटीतली काडेपेटीएवढी इलेक्ट्रॉनिक पट्टी. विमान कललं की तिला कळतं आणि ती पंखांच्या झडपा हलवून त्याला सरळ करते.

“लई शहाणी!” दादा पुटपुटला, पण नवा पंख बसवल्यावर त्याने बोटं कापू नयेत म्हणून नाकावरचा फिरता पंखा काढून ठेवला आणि ऑटो चालू केलं.

प्रीतीने विमान हातात धरून उजवीकडे कलवलं. “उजवा पंख उचलायचा तर उजवी झडप खाली यायला पाह्यजे. बराबर?”

“बराबर.”

“मंग ही वर का चालली?”

दादाने आ वासला! त्याने घाईने पेटीचं झाकण उघडलं. पट्टीवरचा बाण थेट शेपटीकडे!

“दोस्त फोनवर म्हणला, बाण समोर ठेव. मी समोरच ठेवला की!”

“तू बसला कुठं होता?”

“इथंच… विमानाच्या नाकापुढं.”

बांधावर बसलेले भिवाआजोबा खो खो हसले. “आरं येड्या, गाडीवान बैलामागं बसतो, म्हणून दोघाचं समोर एकच असतंय. तू बैलाच्या तोंडापुढं बसून समोर बघितलं, तर शेपटीच येणार!”

दादाने पट्टी फिरवली. प्रीतीने पुन्हा विमान कलवलं. झडप खाली आली. पंखा बसवून तिने विमान सोडलं. ऑटो! वाऱ्याचा झोत आला, पंख कलला… आणि आपसूक सावरला! विमान घारीसारखं संथ घिरट्या घालू लागलं.

“प्रीते, कालेजात तूच जा,” आजोबा म्हणाले. “ह्याला बसवू तुझ्या जागी पाचवीत!”

“बसतो, आबा! पण आधी सूरजची माफी मागू द्या.” दादाने कान पकडले. “सूरज, चुकलो रे. उद्या येशील ना?”

उत्तर द्यायला सूरज होता कुठे? तो जालन्याला घालायचा इस्त्रीचा शर्ट शोधायला केव्हाच घराकडे पळाला होता!