धुक्यातला साखळीवाला

डोर्ला हाइनर्टने एकतीस वर्षांत चारशेच्या वर ट्रेलर ओढले आणि एकही हातून सुटू दिला नाही. हे ती स्वतःच सांगायची, समोरच्याने विचारायच्या आत सांगायची. वायोमिंगच्या त्या डोंगराळ मुलखात गुरांचे ट्रेलर, घोड्यांचे ट्रेलर, लोकांची चाकांवरची घरं या गावाहून त्या गावाला पोचवणं हा तिचा धंदा. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, आवाज मात्र दोन कुरणं ओलांडून जाईल असा.

ऑक्टोबरातली गोष्ट. मेरिट लिंडाल नावाच्या माणसाला डोंगरापलीकडच्या खोऱ्यात बीटसाखरेच्या कारखान्यात काम लागलं होतं. राहायला घर मिळेना, म्हणून त्याने एक जुना फिफ्थ-व्हील कॅम्पर, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, घेतला. तो, बायको ऑनी आणि दोन मुली, चौघं त्यातच हिवाळा काढणार होते. ह्या कॅम्परचं नाक पुढे आलेलं असतं आणि ते पिकअपच्या मागच्या, सामान ठेवायच्या हौद्यात टेकतं. नाकाखाली जाडजूड पोलादी पिन असते. ती पिन हौद्यातल्या तव्यासारख्या जोडणीत अडकवतात. पण डोर्लाच्या हौद्यात तवा नव्हता. गुरांचे ट्रेलर ओढणाऱ्यांकडे असतो तसा लोखंडी गोळा होता.

"मग हे बसणार कसं, डोर्लाबाई?" मेरिटने विचारलं.

डोर्लाने पिकअपमधून एक वस्तू दोन्ही हातांनी उचलून आणली. हंसाच्या मानेसारखी लांब, जाड नळीची. वरचं तोंड कॅम्परच्या पिनेला आवळायचं, खालचं तोंड गोळ्यावर बसवायचं.

"गूजनेक अडॅप्टर. बाजारातला नाही हं. माझ्या बापाने, आर्व्हिड हाइनर्टने, स्वतः बनवलाय. हे वेल्डिंग बघ. बोट फिरव. कुठे खडबडीत लागतंय?"

मेरिटने बोट फिरवलं. कुठेच लागलं नाही.

"पण विकणारा म्हणाला की असल्या लांब मानेमुळे कॅम्परची चासी, खालचा लोखंडी सांगाडा, तडकते. पिनेवर भलती ओढ बसते म्हणे..."

"तो विकतो. मी ओढते," डोर्ला म्हणाली, आणि विषय संपला.

विकणारा खोटं बोलत नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पहार जितकी लांब तितका दगड लवकर हलतो. पण ते इतरांच्या अडॅप्टरांचं, बापाच्या नव्हे. आणखी एक गोष्ट होती. गोळ्यावर ओढायचं तर दोन साखळ्या लावाव्याच लागतात, जोडणी निसटली तर धरून ठेवायला. तिच्या साखळ्या घरी गुरांच्या ट्रेलरला राहिल्या होत्या. जाऊन यायला दोन तास. ती गेली नाही.

मेरिटचं कुटुंब लहान मोटारीतून पुढे निघालं, मागे डोर्ला. धाकट्या मुलीने मागच्या काचेला नाक लावलं होतं आणि आपलं घर आपल्या मागून येतंय ह्याचं तिला भारी कौतुक वाटत होतं. चढावर सगळं झकास चाललं. डोर्ला शीळ घालत होती.

माथ्यावर पोचायला तीन वाजले. तिथे धुकं होतं. नेहमीचं नव्हे, अगदी दाट, कापूस पिंजून रस्त्यावर टाकावा तसं. पाइनची झाडं दिसेनाशी झाली, नुसता त्यांचा ओला वास राहिला. उतार सुरू होण्याआधी जड गाड्यांनी थांबून ब्रेक तपासायची एक मोकळी जागा आहे. मेरिटच्या मोटारीचे लाल दिवे पुढे धुक्यात विरघळले. डोर्लाने सवयीने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

आवाज आला तो साखळीचा. लोखंड खडीवरून फरफटतं तसा, सावकाश.

खिडकीशी एक माणूस उभा होता. कॅनव्हासचा डगला, कानांवर ओढलेली टोपी. चेहरा धुक्यात होता. हात तेवढे स्पष्ट दिसत होते, आणि हातांवर साखळ्यांची वेटोळी.

"साखळ्या?" तो म्हणाला.

"काय?"

"साखळ्या कुठायत, बाई?"

"नाहीत. मला लागत नाहीत," डोर्ला खाली उतरत म्हणाली. "एकतीस वर्षं ओढतेय. एकही सुटला नाही."

"माझ्याही घाटात नाही सुटला," तो तितक्याच ताठ्याने म्हणाला. "अडुसष्ट साली एक सुटला. त्यानंतर एकही नाही."

डोर्लाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. हात चाळिशीच्या माणसाचे होते, अडुसष्ट साली हा जन्मलाही नसेल. पण बोलण्याची ढब तिला आवडली. आपल्या कामाचा अभिमान असलेला माणूस तिला लगेच ओळखू यायचा.

तो हौद्याशी गेला. अडॅप्टरच्या जोडावरून त्याने अंगठा फिरवला, अगदी हळू.

"हे काम कुणाचं?"

"माझ्या बापाचं."

"वा. असं काम आता होत नाही. हे कधीच तुटायचं नाही."

डोर्लाची छाती फुगली. बाप जाऊन बारा वर्षं झाली होती आणि इतकं जाणून कुणी त्याचं काम वाखाणलं नव्हतं.

"पण बाई," तो म्हणाला, "मान मजबूत आहे म्हणून ती ज्याच्या छातीत रुतलीय तो मजबूत होत नाही."

डोर्लाने अडॅप्टर सोडून पिनेमागच्या चासीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

तो कॅम्परखाली शिरला. आत साखळ्या खणखणू लागल्या. थंडीतही तापल्या लोखंडाचा वास येऊ लागला, भट्टीपाशी येतो तसा. डोर्लाने वाकून पाहिलं. खाली नुसतं धुकं.

"अडॅप्टरला बांधताय ना?" तिने विचारलं.

"मानेला नाही..." खालून आवाज आला. तो जेवढा जवळून यायला हवा होता तेवढा जवळून आला नाही. "छातीला बांधतोय. चासीला..."

"दादा, तुमचं नाव काय?"

खणखणाट थांबला.

"पुढे लहान मोटार आहे तुमची. मागच्या काचेत पोर बसलीय. हात हलवतेय..."

मेरिटची मोटार तिथे थांबलीच नव्हती.

"अडुसष्ट सालीही पुढे लहान मोटार होती, मागच्या काचेत पोर होती," आवाज म्हणाला. "जा आता. हळू जा. मी आहे..."

ती गाडीत कशी बसली ते तिला आठवत नाही. खालच्या गिअरमध्ये ती उतरू लागली. दोन वळणं झाली. तिसऱ्या वळणावर पुढे लाल दिवे दिसले, वीस-पंचवीस पावलांवर. मेरिट तिची वाट पाहत गोगलगायीसारखा चालला होता. काचेत पोरीचा पंजा.

आणि मागे धाडकन आवाज झाला.

पिकअप मागून खचली. आरशात कॅम्परचं नाक वाकडं होऊन हौद्याच्या कडांवर आदळलेलं दिसलं. चासी पिनेपाशी फाटली होती. बापाचा अडॅप्टर जागच्या जागी होता, पिनेला आवळलेला, गोळ्यावर बसलेला. फक्त त्याच्यामागे कॅम्परच जोडलेला उरला नव्हता. पाच टनांचं घर, सरळ उतार, आणि पुढे ती मोटार.

डोर्लाने ब्रेकवर पाय दाबला आणि मागून धक्का यायची वाट पाहिली.

धक्का आला नाही. साखळ्या ताणल्याचा कर्र आवाज झाला. मग पिकअप आणि कॅम्पर दोन्ही मंदावले, मस्तीला आलेल्या बैलाला कुणी दाव्याने मागे ओढावं तसे. आणि थांबले. पुढची मोटार धुक्यात सुखरूप निघून गेली. आतल्या चौघांना काही कळलंसुद्धा नाही.

डोर्लाने फोन केल्यावर अर्ध्या तासाने पायथ्याचा गॅरेजवाला लाईल बिघडलेल्या गाड्या ओढायचा आपला टो-ट्रक घेऊन वर आला. डोर्ला आणि तो शाळेपासूनचे दोस्त.

"डोर्ले, तू आणि साखळ्या? तब्येत बरी आहे ना?" तो हसत खाली वाकला. मग हसायचा थांबला. "ह्या कुणी लावल्या?"

"वरच्या माणसाने. ब्रेक तपासायच्या जागेवर असतो तो."

"वर कुणी नसतं. कधीच नव्हतं. आणि ह्यांना अडकवायचे आकडे कुठायत? कड्या चासीभोवती घालून वेल्ड केल्यात, डोर्ले. इथे वीज कुठली, भट्टी कुठली?" त्याने पिकअपच्या चाकावर हात ठेवला. "ब्रेक थंडगार आहेत. पाच टन धरले असते तर अर्ध्या तासात एवढे निवले नसते. तू थांबलीस कशावर?"

डोर्ला मागे पाहत होती. कॅम्परच्या मागच्या टोकापासून आणखी एक साखळी निघाली होती आणि कमरेएवढ्या उंचीवर ताठ ताणलेली, चढाच्या दिशेने धुक्यात गेली होती.

साखळी किंचित थरथरत होती. दमलेल्या माणसाचे दंड थरथरतात तशी.

डोर्लाने चाकांना दगड लावले. लाईलने दोन लावले. मग तिने धुक्याकडे तोंड केलं आणि आपल्या त्या दणदणीत आवाजात हाक मारली, "नाही सुटला, दादा! ह्याही वेळी नाही सुटला!"

साखळी खाली पडली नाही. कुणीतरी ती हलकेच जमिनीवर ठेवली.

त्या हिवाळ्यात लाईलने कॅम्परच्या चासीला नवी छाती बसवली आणि लिंडाल कुटुंब त्यात सुखाने राहिलं. डोर्लाने हौद्यात तवा बसवून घेतला. फिफ्थ-व्हील आता ती तव्यावरच ओढते. बापाचा अडॅप्टर घासूनपुसून बैठकीच्या खोलीत ठेवलाय, आलेल्या-गेलेल्याला ती त्याच्यावरून बोट फिरवायला लावते. "चारशे अठरा ओढले," ती सांगते, "एकही सुटला नाही. त्यातला एक आम्ही दोघांनी, मी आणि घाटातल्या साखळीवाल्याने, धरला." हे ती मान ताठ करून सांगते. कुणी हसलं तर हसू देते.

एक गोष्ट मात्र ती सांगत नाही. लाईललाही तिने बजावून ठेवलंय.

त्या दिवशी संध्याकाळी धुकं उठल्यावर दोघं ती साखळी गुंडाळायला चढावर गेले. डांबरात दोन चर पडले होते, चार बोटं रुंद, माणसाच्या टाचा रुतून घसराव्यात तसे. माथ्यावर सुरू होऊन तिन्ही वळणं ओलांडत ते खाली आले होते. साखळीचं टोक जिथे ठेवलेलं होतं तिथे ते संपत होते. आणि त्यांच्या पुढे, साखळीच्या शेवटच्या कडीपाशी, डांबरात आणखी एक पावलांची जोडी होती. अनवाणी, पाचही बोटं उमटलेली, पाच-सहा वर्षांच्या पोरीची असावीत एवढी.

मोठी पावलं सगळा घाट घसरत आली होती. लहान पावलं तसूभरही घसरली नव्हती.