एकाहत्तरवर थांबलेली रेषा

त्या काळात मुलाखतीआधी कोणी कपड्यांच्या इस्त्रीची काळजी करत नसे. काळजी असे ती गालांची. मुलाखती घरबसल्या, व्हिडिओ कॉलवर होत, आणि पडद्यावर प्रत्येकाच्या चेहऱ्याखाली एक हिरवी रेषा धावत असे. तिला स्पंदरेषा म्हणत.

पेटत्या विजेरीवर बोट धरलं की ते लालभडक दिसतं, हे आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलेलं आहे. ती लाली रक्ताची. हृदयाचा प्रत्येक ठोका चेहऱ्याकडेही रक्ताची एक बारीक लाट पाठवतो आणि कातडीचा रंग कणभर गडद होतो. आपल्या डोळ्यांना तो फरक दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. लाटा मोजल्या की नाडी कळते, आणि नाडी कुठल्या शब्दाला दचकली ते पाहिलं की माणूस कळतो, असं यंत्र बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं.

उमेदवाराची नाडी एकशे दहाच्या वर गेली की कॉल आपोआप बंद पडे. ही मर्यादा मुलाखत घेणाऱ्यांना नव्हती. पण त्यांचीही रेषा सगळ्यांना दिसत असे. रेवती ढमालेला आपला सूड दिसला तो इथेच.

अकरा वर्षांपूर्वी वरुणा जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनची गळती झाली आणि तिचे वडील, केरबा ढमाले, त्यात गेले. अहवालात लिहिलं गेलं, ‘कामगार दारू प्यायलेला होता.’ केरबांनी आयुष्यात ताडीसुद्धा चाखली नव्हती. त्या दुपारी त्यांनी घरी फोन केला होता : “गळतीचा भोंगा सारखा वाजतोय, पण साहेबांनी बंद करायला लावलाय. डोकं दुखतं म्हणे त्यांचं.” साहेब म्हणजे गर्गे. आता तोच गर्गे वरुणाच्या मुलाखत समितीत बसत होता.

“त्याला विचारणार आहे मी, सगळ्यांसमोर,” रेवती म्हणाली. “त्याची रेषा उडालेली मला बघायचीय.”

“आणि तुझी उडाली तर?” इनामदार बाईंनी विचारलं. शाळेत तिला विज्ञान शिकवलेल्या बाई आता निवृत्त होत्या, आणि स्पंदरेषेची तयारी करून घेण्यात त्यांचा हातखंडा होता. “चल, मी गर्गे. ढमाले? त्या दारुड्याची मुलगी का तू?”

बाईंच्या घरच्या सरावाच्या कॅमेऱ्यावर रेवतीची रेषा एकशे बत्तीसवर गेली. कॉल बंद.

“झाली मुलाखत! या आता, चहा घेऊन जा,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. एखादा शब्द पुन्हा पुन्हा ऐकला की मेंदू त्याला घाबरायचं सोडतो. पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही, तसंच. रेवती रोज दुपारी येऊ लागली. दारुड्याची मुलगी. पुन्हा. दारुड्याची मुलगी. पुन्हा. महिन्यात रेषा शंभरावर आली, तिसऱ्या महिन्यात एकाहत्तरवर.

“पोरी, पुरे आता. आठ दिवस घरी बस,” बाई म्हणाल्या.

“पुन्हा म्हणा, बाई.”

मुलाखतीच्या दिवशी बाई कॅमेऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसल्या. गर्गेचे केस पांढरे झाले होते. आडनाव ऐकून त्याने एकदा वर पाहिलं, इतकंच. रेवतीने सगळी उत्तरं नीट दिली. शेवटी समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, “तुम्हाला काही विचारायचंय?”

“गर्गेसाहेबांना विचारायचंय. केरबा ढमाले माझे वडील. ते गेले त्या दुपारी गळतीचा भोंगा कोणी बंद करायला लावला?”

गर्गेची रेषा उसळली. एकशे अठरा. एकशे बेचाळीस. त्याने रुमाल काढला. अकरा वर्षं जे पाहायचं होतं, ते रेवती डोळे भरून पाहत होती.

अध्यक्षांनी आधी त्याची रेषा पाहिली, मग तिची. पडद्यावर यंत्राचा निष्कर्ष उमटला : ‘गर्गे – अनपेक्षित आरोपाने स्वाभाविक क्षोभ. ढमाले – भावना नाही. विधान पाठ केलेले.’

गर्गेने रुमाल खिशात ठेवला. त्याला आता धीर आला होता. “पाहिलंत? बापाच्या मरणाबद्दल बोलतेय आणि नाडी एकाहत्तर! कोणीतरी पढवून पाठवलीय हिला.”

“मी पाठ नाही केलं, मी...” रेवती थांबली. पाठच केलं होतं.

“हा आरोप आम्ही नोंदीतून काढतोय,” अध्यक्ष म्हणाल्या. “पण इतकी स्थिर नाडी मी कधी पाहिली नव्हती. भोंग्याच्या नियंत्रण कक्षात अशीच माणसं लागतात. सोमवारी रुजू व्हा. गर्गेसाहेबांच्या हाताखाली.”

पडदा काळा झाला. रेवतीने सरावाचा कॅमेरा पुन्हा लावला आणि गालाला हात लावून पाहिला.

“बाई, म्हणा.”

“काय म्हणू गं?”

“दारुड्याची मुलगी म्हणा.”

बाई तिच्याजवळ सरकल्या तशा त्याही कॅमेऱ्यात आल्या, आणि पडद्यावर दोन रेषा धावू लागल्या. बाईंनी ते शब्द उच्चारले. त्यांची स्वतःची रेषा एकशे सव्वीसवर गेली.

रेवतीची एकाहत्तर.

“पुन्हा,” रेवती म्हणाली.