उंबऱ्यावरची मुलगी

अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये सकाळपासून बर्फ पडत होता. म्युझियमच्या वर्कशॉपमध्ये कादंबरी एका जुन्या चित्रावरचं काळवंडलेलं वॉर्निश कापसाच्या बोळ्यानं हलकेच पुसत होती. काम कंटाळवाणं, पण तिच्या आवडीचं. शाळा सुटली की लेक वल्लरी इथेच यायची, मग दोघी मिळून घरी जायच्या.

चित्र बायबलमधलं होतं. नागपूरचे रिटायर्ड डॉक्टर गिरीशकाका इथे हौसेनं गाइडचं काम करायचे, त्यांनी तिला गोष्ट सांगितली होती. इफ्ताह नावाचा सेनापती लढाईआधी नवस बोलला, जिंकून परतलो की घरातून जे पहिलं सामोरं येईल त्याचा बळी देईन. जिंकला. आणि चकत्या लावलेला डफ वाजवत सामोरी आली ती त्याची एकुलती एक लेक.

"मग?"

"मग काय... फेडला नवस."

"वा रे बाप! बोलणार हा आणि फेडणार ती?"

"अगं, चित्र आहे ते," काका हसले. पण कादंबरीचं डोकं फिरलं ते फिरलंच.

आता उंबऱ्यावरची मुलगी स्वच्छ दिसायला लागली होती. वल्लरीएवढीच असेल. कादंबरी नवा बोळा घ्यायला वळली, आणि पाठीमागे डफाच्या चकत्या खुळखुळल्या. खोलीत जळक्या चरबीचा वास पसरला. तिनं मान वळवली.

चित्रातला उंबरा रिकामा होता. बापाचा हात तलवारीच्या मुठीवर होता, आणि नजर वर्कशॉपच्या दारावर.

बाहेर पावलं वाजली. "मॉम, आय ॲम हिअर!"

"वल्लरी... आत येऊ नकोस... तिथेच थांब..."

कादंबरीचा संताप भीतीहून मोठा होता. ती बाहेर गेली, लेकीला मागे सारलं आणि छाती पुढे काढून एकटीच आत आली.

"घे! पहिली मी आले. नवस तुझा, लेक माझी. आणि त्या पोरीलाही हात लावायचा नाही, सांगून ठेवते!"

खुळखुळ थांबली. बापानं दारावरची नजर काढून खिडकीकडे वळवली होती.

"मॉम, हू वॉज दॅट गर्ल?" वल्लरीनं दारातून विचारलं. "अनवाणी होती. एक्झिट कुठेय विचारलं, मी दाखवला."

कादंबरी खिडकीशी धावली. पार्किंगच्या बर्फात लहान पावलांचे ठसे थेट रस्त्याकडे गेले होते.

"शाब्बास गं बाई," ती पुटपुटली.

मग त्यांच्यामागून दुसरे ठसे उमटू लागले. मोठे, जड. चालणारं कोणीच दिसत नव्हतं.

तिनं चित्राकडे वळून पाहिलंही नाही. गाडीची किल्ली उचलली.

"चल वल्लरी. त्याच्याआधी आपण तिला गाठायचं."