तिघा धन्यांचा दगड

सॅक सापडली ती बुधवारी सकाळी, कोळसेवाल्यांच्या निवाऱ्यात. बाकावर, भिंतीला टेकवून, पट्टे नीट आवळलेले. जणू मालक पाच मिनिटांसाठी झाडीत गेलाय आणि आत्ता येईल.

मालक सोमवारपासून बेपत्ता होता.

बाबेट दोर्श चढ चढून वर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. त्रेसष्ट वर्षांची होती ती. त्यातली तीस वर्षं तिनं याच रानवाटांवर टपाल वाटलं होतं. पण दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नसला की ओळखीचा चढसुद्धा परका होतो.

पोलीस अधिकारी हेल्मराइख छपराखाली उभे होते.

"दोर्शबाई, ही तुमच्या भावाचीच ना?"

"त्याचीच. पट्ट्याला ठिगळ मी लावलंय."

तिनं सॅक उघडली. कागदात गुंडाळलेली काळ्या पावाची चार कापं. सॉसेजचा तुकडा. सफरचंद. सोमवारी सकाळी सहाला तिनं भरलं होतं तसंच सगळं, कागदाची घडीही तीच. आणि तळाशी गोळ्यांची डबी.

ती डबी हातात घेऊन बाबेट बाकावर बसली. तिच्या भावाला, लोरेन्झला, हृदयाची गोळी दिवसातून दोनदा लागायची. एक दिवस चुकली तर चालेल, डॉक्टर म्हणाले होते. दोन दिवस चुकली तर काळजी. तिसऱ्या दिवसाबद्दल ते काही बोलले नव्हते. आज तिसरा दिवस होता, आणि नोव्हेंबरच्या त्या रात्री बादलीतलं पाणी गोठत होतं.

"कोणाला सापडली?"

"मला," पांक्राझ ह्युमर पुढे आला. लाकडाच्या गिरणीचा म्हातारा मालक, बहात्तरीतही ताठ. "आमच्या तुकडीत मीच पुढे होतो. बाबेट, तो दरीकडे उतरला असणार. सोमवारी दुपारनंतर धुकं होतं. मी सगळ्यांना तिकडेच पाठवलंय."

पांक्राझ सातजणांचा प्रमुख होता. गावाच्या हद्दीचे दगड बसवायचं काम या भागात पिढ्यानपिढ्या सातजण करत आले. शपथ घेऊन, मरेपर्यंत. प्रत्येक दगडाखाली ते भाजलेल्या मातीचे तुकडे ठेवतात, त्यांना म्हणतात खुणा. ते कसे मांडायचे हे फक्त सातांना ठाऊक. बायकोलाही सांगायचं नाही. दगड कोणी हलवला तर खालची मांडणी खोटं उघडं पाडते. लोरेन्झही तेरा वर्षांपासून त्या सातांतला एक.

"वहीत काही लिहिलंय त्यानं?" बाबेटनं विचारलं.

आल्यागेल्यानं नाव लिहायची वही खिळ्याला दोरीनं टांगलेली होती. कोपरे उंदरांनी खाल्लेले. वर पाटी: 'खाण्याच्या वस्तू उघड्यावर ठेवू नका.' शेवटची नोंद रविवारची, बाम्बेर्गच्या एका जोडप्याची.

"विसरले असतील," हेल्मराइख म्हणाले.

"लोरेन्झ? साहेब, तो पाऊस पडला तरी लिहितो. खार दिसली तर खारीचंही लिहितो. चेष्टा करतात लोक त्याची."

पांक्राझ काठी टेकत दरीच्या वाटेला लागला. हेल्मराइख तिच्या शेजारी बसले.

"रविवारचं पुन्हा एकदा सांगा."

"किती वेळा सांगू?"

"अजून एकदा."

"सूप पीत होतो. पुढच्या आठवड्यात मोजणीची माणसं येणार, म्हणून सातांनी दगड वाटून घेतले होते तपासायला. याच्याकडे तिघा धन्यांचा दगड नव्हताच. तरी त्याचंच घेऊन बसला. म्हणाला, बाबेट, तू टपाल वाटायचीस तेव्हा तो दगड तिथेच होता का? मी हसले. म्हटलं, दगडाला पाय फुटलेत का? सूप पी, गार होतंय." तिनं गोळ्यांची डबी खिशात टाकली. "त्याला उत्तर हवं होतं. मी सूप दिलं."

तिघा धन्यांचा दगड इथून पूर्वेला तासाभराच्या वाटेवर. बिशप, मठ आणि सरदार, तिघांच्या जमिनी जिथे एकेकाळी भिडत तिथला. तीन बाजूंना तीन चिन्हं कोरलेली. आता तिथे गावाची आणि सरदाराच्या वारसांची जमीन भिडते.

"तिथे काल आम्ही सगळा दिवस घातला," हेल्मराइख म्हणाले. "भर पावसात. दगडाशेजारी ताजा खड्डा होता, हातभर खोल, तिरका दगडाखाली गेलेला. आत काही नाही."

"काहीच नाही?"

"मी स्वतः हात घातला. नुसती माती. तिथून गावसुद्धा दिसत नाही, मध्ये टेकाड. माझी माणसं वरच्या अंगाला गेली, अग्निशमनवाले रस्त्याच्या बाजूला. खालचा उतार पांक्राझनी एकट्यानं पाहिला. म्हणाले, निसरडं आहे, तुम्हाला वाट ठाऊक नाही."

 त्या दगडावर पिशवी टेकवली की समोर काय दिसायचं, ते बाबेट आठवत होती.

दुपारभर माणसं दरीत हाका मारत राहिली. हाका दगडांवर आपटून परत येत. तीन वाजता धुकं उतरलं आणि पाच पावलांवरचं झाडही दिसेनासं झालं. हेल्मराइखनी शिट्टी वाजवली. एकेक माणूस निवाऱ्याशी गोळा होऊ लागला, कोणीही बाबेटकडे न पाहता.

"आजचा शोध इथे थांबवतो," हेल्मराइख म्हणाले. "उद्या उजाडताच."

"उद्या तुम्ही प्रेत शोधाल."

"माझी माणसं दरीत पडली तर आणखी प्रेतं होतील, दोर्शबाई."

तिला ओरडायचं होतं. तेवढंही बळ नव्हतं. अग्निशमन दलातला एक गडी बाकावर अर्धा पाव ठेवून कॉफी आणायला गेला. परत आला आणि शिव्या देऊ लागला. दिवसाढवळ्या, आठ माणसं उभी असताना, उंदीर पाव ओढत भिंतीच्या फटीकडे निघाला होता.

कोणीतरी हसलं. "पाटी वाचता येत नाही का रे? वर्षभर इथे तेच राज्य करतात."

बाबेट उठली.

"साहेब, गाडी काढा. तिघा धन्यांच्या दगडाकडे. पांक्राझला बरोबर घ्या."

"आत्ता? कशासाठी?"

"अंधार पडायला तास आहे. तिथे सांगते."



दगड धुक्यात एखाद्या वाकलेल्या माणसासारखा उभा होता. त्याच्या बाजूला वाइटच्या नावाचा निवारा: जाड ओंडक्यांच्या भिंती, आतल्या बाकावर पितळी पट्टी. वाइट ह्युमर, १९२८ ते १९४५. पांक्राझचा एकुलता एक मुलगा इथेच पडला होता, युद्ध संपायला दोन आठवडे असताना. निवारा पांक्राझनं स्वतःच्या हातानं बांधला होता.

"बस, पांक्राझ," बाबेट म्हणाली.

"मी उभाच बरा."

"बरं. माझ्या भावाच्या सॅकमध्ये पाव होता, सॉसेज होतं. तू म्हणतोस तो सोमवारी दरीत उतरला. म्हणजे सॅक कोळसेवाल्यांच्या निवाऱ्यात दोन रात्री पडून होती. आणि उंदरांनी कागदसुद्धा कुरतडला नाही?"

हेल्मराइखनी मान वळवून पांक्राझकडे पाहिलं.

"ती सॅक आज सकाळी तिथे ठेवली गेली," ती म्हणाली. "वहीत नाव नाही, कारण लोरेन्झ तिथे गेलाच नाही. सॅक ठेवली ती आम्ही सगळ्यांनी या दगडाकडे पाठ फिरवावी म्हणून. आज तिथे पहिला कोण पोचला?"

"पहिलं पोचणं गुन्हा झाला का आता?"

"नाही. काल खालच्या उताराला दुसऱ्या कोणाला जाऊ न देणं, तोही गुन्हा नाही. पण दोन्ही एकाच माणसानं केलं." तिनं दगडावर हात ठेवला. "पहिली चौदा वर्षं मी रोज यावर पिशवी टेकवून दम खाल्ला. समोर आपल्या चर्चचा मनोरा दिसायचा. घड्याळ वाचायचे मी त्याच्यावर. बावन्न सालच्या फेब्रुवारीत माझा पाय मोडला, आठवतं? तूच घोडागाडीतून इस्पितळात नेलंस. सहा आठवड्यांनी परत आले तर मनोरा दिसेना. मध्ये टेकाड. मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. टपालवाल्या बाईनं सातांच्या दगडाला नावं कशी ठेवायची?"

"बावीस वर्षांपूर्वीचा मनोरा," पांक्राझ म्हणाला. "साहेब, हिला झोपेची गरज आहे."

"आहे. लोरेन्झनं रविवारी तोच प्रश्न विचारला, आणि सोमवारी येऊन इथे खणलं. दगडाखाली काहीच मिळालं नाही. खुणाच नाहीत." ती वाकली. "चोर दगड नेतो, पुन्हा बसवत बसत नाही. हा मात्र बघा, साहेब. तिन्ही चिन्हांची तोंडं बरोबर तीन बाजूंना. भोवती खडी ठोकून बसवलेली. हा सातांपैकी एकाचा हात आहे. मग सातांतल्या माणसानं खाली खुणा का मांडल्या नाहीत? मांडल्या असत्या तर लोरेन्झला काही कळलंच नसतं."

"तुम्हीच सांगा," हेल्मराइख म्हणाले.

"सातांची बोलावणी मीच पोचवायचे. अमुक दिवशी, अमुक दगड, सगळ्यांनी या. एकाला ताप आला तरी काम पुढे ढकलायचे. सातही उभे असल्याशिवाय खुणांना हात लावायचा नाही, हे न सांगताही मला कळलं होतं. ज्यानं दगड सरकवला तो एकटा होता. घोडा लावून दगड ओढण्याइतकी शपथ त्यानं मोडली. पण खुणांना हात लावायचं काही त्याला जमलं नाही. जुन्या जागी त्या तशाच राहिल्या. बावन्न सालच्या सातांतले आज दोघं जिवंत आहेत. एन्ड्रेस चार वर्षं अंथरुणात आहे. दुसरा तू."

पांक्राझ पितळी पट्टीकडे बघत होता.

"त्या वर्षी सरदाराच्या वारसांना हा निवारा पाडायचा होता, शिकारीला आड येतो म्हणून," बाबेट म्हणाली. "मोजणी झाली, आणि निवारा गावाच्या जमिनीत निघाला. आम्ही सगळे खूश झालो. मी केकसुद्धा पाठवला होता तुझ्याकडे."

हेल्मराइखनी खिशातून वही काढली. तिनं त्यांचा हात खाली दाबला.

"नंतर लिहा. पांक्राझ, लोरेन्झ जुनी जागा शोधायला गेला. धुकं नसतं तर मनोऱ्याच्या अंदाजानं मीही शोधली असती. आज मला माझे पाय दिसत नाहीत. तू का केलंस ते मी विचारत नाही. कुठे, एवढंच विचारते."

 छपरावरून पाण्याचे थेंब पडत होते.

"माझ्याकडे याचक म्हणून बघ हवं तर," ती म्हणाली. "मी गुडघ्यांवर येते."

"नको," तो म्हणाला. मग तो बाकावर बसला. "त्यानं खुणा उघड्या केल्या होत्या. मी मागोमाग गेलो होतो. म्हणाला, पांक्राझ, मला सांगावंच लागेल. मी म्हटलं, मोजणी झाली की हे पाडतील. पोराच्या नावाचं दुसरं काही नाही रे माझ्याकडे. थडगंही धड नाही. मी त्याची बाही धरली. तो मागे सरला. खाली जुनं बिअरचं तळघर आहे, विसरलेलं. छत खचलं."

"ढकललंस?"

"नाही. पण त्यानं काय फरक पडतो. तो हाक मारत होता, आणि मी त्याची सॅक उचलून घरी गेलो."

"मंगळवारी?"

"भोकावर फांद्या टाकल्या."

"आवाज येत होता?"

त्यानं मान हलवली. येत होता.

"आज?"

"आज गेलो नाही. धीर झाला नाही."

चाळीस पावलं. फक्त चाळीस, उताराच्या कडेनं. फांद्या बाजूला केल्यावर खालून तळघराचा ओला, शिळा वास आला. गारठा मात्र आला नाही. अशी तळघरं गोठत नाहीत, म्हणून तर जुने लोक त्यात पिंपं ठेवायचे. बाबेटनं त्या एका गोष्टीला घट्ट धरलं.

"लोरेन्झ," तिनं हाक मारली. पुन्हा मारली.

काही नाही.

हेल्मराइख वायरलेसवर बोलून आले. दलाची शिडी यायला अर्धा तास. ते स्वतः त्या भोकातून मावत नव्हते. गाडीतला दोर त्यांनी झाडाला बांधला.

"मी उतरतो," पांक्राझ म्हणाला. "आतल्या पायऱ्या मला ठाऊक आहेत. लहानपणी पिंपं उतरवायला यायचो."

हेल्मराइखनी बाबेटकडे पाहिलं. तिनं दोराचं टोक पांक्राझच्या कमरेला बांधलं, तपासलं, पुन्हा आवळलं. गोळ्यांची डबी त्याच्या वरच्या खिशात घातली आणि बटण लावलं. त्यांचे चेहरे वीतभर अंतरावर होते. ती त्याच्या डोळ्यांत बघत नव्हती, गाठीकडे बघत होती.

तो उतरला. माती घरंगळली. दगड सरकल्याचा आवाज. मग काहीच नाही, इतका वेळ की हेल्मराइखनी दोन वेळा घड्याळ पाहिलं.

"बाबेट." आवाज खोलातून आला. "पाय मोडलाय. अंग गार आहे."

तिनं जमिनीत बोटं रुतवली.

"श्वास आहे. बारीक आहे, पण आहे. ओठ हलवतोय. पाणी मागतोय."

बाबेट ओल्या पाल्यात बसली. रडली नाही. बसली फक्त.

शिडी आली, दिवे आले, माणसं आली, डॉक्टर आले. लोरेन्झला झोळीत बांधून वर घेतलं. चेहरा मातीनं काळा, डोळे मिटलेले. झोळी हलली तसा तो कण्हला, आणि तो कण्हण्याचा आवाज बाबेटला जगातल्या कुठल्याही गाण्याहून गोड वाटला. ती त्याचा हात धरून गाडीकडे निघाली.

"आता तुम्ही या, ह्युमर," हेल्मराइख भोकात वाकून म्हणाले.

खालून उत्तर आलं नाही. शिडी तशीच उभी होती. पुन्हा हाक मारली. तरी नाही.

बाबेट थांबली. तिनं लोरेन्झचा हात डॉक्टरांच्या हातात दिला आणि मागे फिरून भोकाच्या कडेशी आली. दिव्याच्या उजेडात पांक्राझ भिंतीला टेकून बसलेला दिसला, दोर कमरेपासून सोडून बाजूला ठेवलेला.

"वर ये," ती म्हणाली. "तू त्याला तीन दिवस असं ठेवलंस. मी तुला एक रात्रही ठेवणार नाही."

तो उठेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. शिडीच्या वरच्या पायरीला त्याचा हात आला तेव्हा मात्र तिनं आपला हात पुढे केला नाही. ती भावाकडे चालू लागली.