येताना वेळ लागत नाही

बासष्ट साली हबीबमियाँ मुंबईहून विमानानं हजला निघाले, तेव्हा घाटंजीतल्या थोरामोठ्यांनाच जास्त चढली. जहाजानं सगळेच जातात, आमचा माणूस उडून जातो, असं बाजारभर सांगत फिरले. निघण्यापूर्वी साऱ्यांकडून कहा-सुना, म्हणजे आजवरचं बोललं-दुखावलं, माफ करून घ्यायचा रिवाज असतो. हबीबमियाँनी तो दणक्यात पाळला. कापसाच्या दलालापासून न्हाव्यापर्यंत दारोदार हात जोडले. घरात तेवढे जोडले नाहीत. आयशाबीचं डावं मनगट त्यांच्याच काठीनं वाकडं झालं होतं. त्यावर गावातल्या एकाही म्हाताऱ्यानं कधी तोंड उघडलं नाही. बायकोची कसली माफी मागायची?

विमान सकाळी सुटल्याची तार दुपारी मुंबईहून आली, सोडायला गेलेल्या मामूची, आयशाबीच्या भावाची. जेद्दा सव्वादोन हजार मैल, विमानाला नऊ-दहा तास, हे एव्हाना शेंबड्या पोरांनाही पाठ झालं होतं. म्हणजे दिवेलागणीला अब्बा तिकडे उतरणार, असं मनाशी म्हणत अय्यूब, मॅट्रिक अर्ध्यात सोडलेला त्यांचा मुलगा, कंदिलाची काच पुसत होता. तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

आयशाबीनं दार उघडलं. बाहेर अब्बा उभे. अंगावर हजला नेसतात तशा दोन बिनशिवल्या पांढऱ्या चादरी, पाय अनवाणी. रॉकेलच्या वासात तापलेल्या वाळूचा वास मिसळला.

"आयशा… कहा-सुना माफ कर."

म्हातारा गेलाच नाही, अय्यूबला वाटलं. गावाला बनवलं, मामूलाही बनवलं.

"कुठं लपलते अब्बा? यवतमाळले?"

"जेद्द्याहून आलो."

"दहा तास लागते तिथं जायले."

"जातानी लागते…" ते म्हणाले. "येतानी नाही लागत."

अब्बा इतकं हळू कधीच बोलत नसत. अय्यूबला तेच खटकलं.

"अम्मी, माफ म्हणू नको. नाटक करून राह्यले."

"मी कुठं काही म्हटलं?" आयशाबीनं मनगट पदराखाली घेतलं.

ते मान खाली घालून अंधारात गेले. अंगणाच्या काळ्या मातीवर पिवळ्या वाळूची पावलं राहिली.

दुसऱ्या दिवशी जेद्द्याची तार आली. काल संध्याकाळी सुखरूप उतरलो.

महिन्याभरानं हाजीसाहेब समोरच्या दारानं आले, हारांत गळ्यापर्यंत बुडालेले. खजूर वाटले. चहा फिका झाला म्हणून आयशाबीवर पहिल्यासारखेच खेकसले. दिवेलागणीला मागची कडी वाजली.

"आयशा… कहा-सुना माफ कर."

खाटेवर हाजीसाहेबांच्या हातातले तसबीहचे मणी थांबले. अय्यूबनं बापाचं तोंड पाहिलं. त्यावर भीती होती, नवल नव्हतं.

"कोण आहे, अब्बा?"

"कडी काढू नका… त्याले मी तिथंच सोडून आलतो."

या वेळी अय्यूबनं आईला अडवलं नाही. आयशाबीनं वाकड्या हातानं कडी काढली. खाटेकडे वळूनही पाहिलं नाही.

"तुम्हाले माफ केलं," ती बाहेरच्याला म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मग पावसाळा लागला. अंगणात घोट्याएवढा चिखल झाला. त्यात आयशाबीची पावलं उमटत, अय्यूबची उमटत, कोंबड्यांचीसुद्धा. हाजीसाहेब रोज पाच वेळा तेच अंगण ओलांडून मशिदीत जात. त्यांच्यामागे चिखल सपाट असे.