सावलीचा दोरा

दिवा जरा बारीक करा, पोरांनो. ही गोष्ट ग्रोझदान मेस्त्रीची. वीस वर्षं मी त्याच्या हाताखाली दगड घडवले, आणि हे त्यानं स्वतः मला सांगितलंय.

आपलं गाव सरहद्दीवरचं. कधी दरोडेखोर आले, कधी फौजा. चर्च तीनदा जळालं. म्हणून जुने गवंडी एखाद्या माणसाची सावली गुपचूप दोऱ्यानं मोजायचे आणि तो दोरा भिंतीत चिणायचे. माणूस चाळिसाव्या दिवशी मरायचा, आणि चर्चचा राखणदार व्हायचा. ग्रोझदान या सगळ्याला हसायचा.

चौथ्यांदा चर्च उभं राहायला लागलं, तेव्हा फादर इलारिओननी घुमट दिला राद्कोला. ज्याला ग्रोझदाननं थापी धरायला शिकवली, त्या राद्कोला!

"मेस्त्री, तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही आपलं खालचं बघा," फादर म्हणाले.

ग्रोझदाननं हसून मान डोलावली. पण गावात कुणी राद्कोचं कौतुक केलं की याला राकीया दारूचा घोटसुद्धा कडू लागायचा.

सतरा ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी सहाला ग्रोझदान विसरलेली थापी आणायला चर्चमध्ये गेला. मजूर घरी गेलेले. पश्चिमेच्या दारात राद्को पाठमोरा उभा होता. डोक्यावर त्याची नेहमीची हिरवी टोपी. त्याची लांबलचक सावली आत फरशीवर पडली होती.

ग्रोझदानच्या खिशात ओळंब्याचा लाल दोरा होता. तो गुडघ्यांवर बसला. टाचेपासून टोपीपर्यंत सावली मोजली, दोरा तोडला, वेदीच्या भिंतीतल्या सापटीत कोंबला. वर दगड बसवला, चुना भरला.

वळून पाहिलं, तर दार रिकामं.

फोन वाजला. राद्को.

"मेस्त्री, जेवलात का?"

"तू... आत्ता इथं होतास ना?"

"मी? मी दुपारपासून तिकडे बुर्गास शहरात आहे! नावाचा दगड कोरून घेतोय. फादरना बोलू नका हं. घुमट कुणी का बांधेना, चर्चवर पहिलं नाव तुमचंच."

ग्रोझदाननं वेदीच्या भिंतीकडे पाहिलं.

"मेस्त्री?... ऐकताय ना?"

त्यानं फोन टाकला. थापीनं सांधा उकरायला गेला. चुना वाळून दगड झालेला. पहार घातली. ठिणग्या उडाल्या. अंधार पडला. त्यानं मागे बॅटरी ठेवली.

भिंतीवर बादलीची सावली. शिडीची सावली. आणि त्याची...

त्यानं हात वर केला.

भिंतीवर काहीच हललं नाही.

पुढे तो रोज भर उन्हात जाऊन उभा राहायचा. मान खाली घालून पायांपाशी बघत. राद्को रडकुंडीला आला. "मेस्त्री, झालंय तरी काय तुम्हाला?"

"तुझा फार हेवा वाटला रे मला," एवढंच तो त्याला म्हणाला; बाकी सगळं शेवटच्या रात्री मला सांगितलं.

चाळिसाव्या दिवशी गेला.

अंघोळ घालताना उजवी मूठ उघडेना. राद्कोनं एकेक बोट सोडवलं. आत लाल दोरा... त्याला चुना लागलेला. ओला.

राद्को आणि मी चर्चमध्ये धावलो. वेदीच्या भिंतीतला तो दगड जिथल्या तिथं होता. सांध्याला नखभरसुद्धा फट नव्हती.