कोटांखालच्या दांड्या

कंटेनरचं दार उघडलं आणि आतून एक कोट घसरत येऊन साहेबांच्या बुटांवर पडला.

पाठोपाठ दुसरा आला. मग कुणी काही बोलायच्या आत कोटांचा एक लोंढाच गोदामाच्या फरशीवर उतरला. आत बघावं तर एकही कोट टांगलेला नाही आणि एकही आडवी दांडी जागेवर नाही. सगळा माल खाली, भंगाराच्या दुकानात टाकल्यासारखा.

धाकटी नुसती बघत राहिली. कंटेनरची आतली सगळी रचना तिची होती. दोन्ही भिंतींवर खाचा पाडलेल्या उभ्या पट्ट्या, त्या खाचांत बसणाऱ्या आडव्या दांड्या आणि दांड्यांवर हँगरला लावलेले इस्त्रीचे कोट. घडी नको, खोकं नको. इथे टांगलेला कोट परदेशातल्या दुकानात टांगलेलाच उतरायचा. कितीतरी दिवस डोक्याचा भुगा करून तिने हे जमवलं होतं. आजची फेरी चाचणीची होती. डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्याने ट्रक खडखडवत खरेदीदाराच्या गोदामात आणायचा, सगळ्यांसमोर सील तोडायचं, कोट सरळ दिसले की काम पक्कं.

"सील शाबूत होतं?" साहेबांनी विचारलं. साहेब म्हणजे खरेदीदार कंपनीचे तपासनीस. सुकडे, शांत, चेहऱ्यावरची माशी न हलणारे.

"तुमच्यासमोरच तोडलं की," ड्रायव्हर म्हणाला.

"म्हणजे वाटेत कुणी आत गेलं नाही. मग एक तर रचना चुकली, नाहीतर वेल्डिंग कच्चं. वेल्डिंग कुणाचं?"

धाकटीच्या वर्कशॉपमधल्या वयस्क मिस्त्रींनी टोपी काढून हातात धरली. "माझं."

"रचना चुकली असेल तर ती आम्ही रद्द करू. वेल्डिंग कच्चं असेल तर हे मिस्त्री आमच्या कुठल्याच कामावर नकोत. दोहोंपैकी एक मला वर कळवावं लागेल, आणि कळवलं की ते फिरवता येत नाही."

या वयात दुसरीकडे कोण उभं करणार होतं मिस्त्रींना?

थोरल्या बहिणीने, ताईने, धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे गं. जिवाला लावून घेऊ नकोस. आपलं मालाची खोकी बनवायचं काम काय वाईट आहे? दोघी मिळून करू तेच."

हा हात धाकटीच्या ओळखीचा होता. वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं. त्यांच्या मागे ताईने ते चालवलं, मग विकलं, त्यातून वर्कशॉप उभं केलं आणि धाकटीला शिकवलं. स्वतःचं लग्न, हौसमौज, सगळं बाजूला ठेवून. धाकटीला रडू आलं की हा हात असायचाच. आत्ताही तिचे डोळे भरून आले होते, पण त्याहून जास्त तिला राग आला होता. दांड्या पडणं शक्यच नव्हतं. वाळूची पोती टांगून तिने स्वतः त्या तपासल्या होत्या.

"साहेब, तुमचे फोटो काढून होईपर्यंत मी आत जाऊन बघू?"

"बघा. पण काही हलवलंत तर आधी मला सांगा."

ती आत चढली. गुडघाभर कोटांतून वाट काढत पार शेवटच्या भिंतीपर्यंत गेली. खाचा शाबूत होत्या. कुठे टवका नाही, वेल्डिंगला चीर नाही. दांडी खाचेत अडकवून ठेवणाऱ्या पिना साखळ्यांना लोंबत होत्या, एकही वाकलेली नव्हती. या पिनेला एक छोटी पोलादी जीभ असते. ती अंगठ्याने दाबून पीन फिरवली तरच ती सुटते. शिवाय दांडीवर वजन असेल तर पीन आवळली जाते आणि बाप आला तरी सुटत नाही. ही खोड मुद्दामच ठेवलेली होती.

तिने खाली वाकून कोट बाजूला सारले. दांडी हाताला लागली ती थेट तळाशी, लाकडी फळ्यांवर. तिने दुसरीकडे चाचपलं. तिथेही तेच, खाली दांडी आणि वर कोट.

मग दाराशी येऊन तिने ड्रायव्हरला हाक मारली.

"वाटेत कुठे थांबलात?"

"डिझेल भरायला. ट्रकमधून उतरलोसुद्धा नाही."

"आत काही पडल्याचा आवाज आला?"

"अहो, एवढं लोखंड आत पडलं असतं तर मी काय बहिरा आहे? एकदासुद्धा नाही. मला वाटलं, पोरीने काम झकास केलंय."

"मग हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं? ड्रायव्हरला लोक फक्त उशीर का झाला तेवढंच विचारतात."

साहेबांच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. तेही आता कंटेनरच्या दाराशी येऊन उभे होते. धाकटीने एक कोट उचलून उजेडात धरला. वरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीला बारीक काळी पूड चिकटली होती. तिने बोटाने ती चोळली. लोखंडाचा कीस होता.

"हा कीस इथल्या फरशीवर नाही," साहेब म्हणाले.

"नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरखाली पडतो. म्हणजे हा कोट भरल्यानंतर पुन्हा आमच्या जमिनीवर उतरला होता. भरताना मी एकही कोट खाली टेकू दिला नव्हता."

"मग मिस्त्री, आता तुम्हीच सांगा," साहेब वळले. "माल भरल्यावर कंटेनर रात्रभर तिथेच होता, तेव्हा वर्कशॉपची चावी कुणाकडे होती?"

"खुंटीला होती. रोज तिथेच असते."

"पीन कशी सुटते, हे किती जणांना माहीत आहे?"

"मला. या दोघी बहिणींना. बाकी कुणाला दाखवलीच नव्हती."

"ही रचना टिकणार नाही, असं तुम्ही म्हणाला होतात?"

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "म्हणालो होतो, साहेब. भांडलोसुद्धा. पण काम वाकडं केलं नाही. धाकट्या ताईंना मी एवढ्याशा होत्या तेव्हापासून बघितलंय. त्यांच्याशी असं करेन का मी?"

"माल भरून झाल्यावर तुम्ही कुठे होतात?"

"घरी गेलो. एकटाच असतो. कोण साक्ष देणार माझी?"

साहेबांनी मान हलवली. त्यांचं जवळजवळ ठरलंच होतं. ताई पुढे होऊन म्हणाली, "मिस्त्री तसे नाहीत हो साहेब. जुनं माणूस आहे. रागाच्या भरात झालं असेल." ती हे इतक्या मायेने बोलली की मिस्त्रींचे डोळे पाणावले. स्वतःवर फुटलेलं खापर त्यांच्या लक्षातही आलं नाही.

धाकटीच्या मात्र आलं. तिने ताईकडे चमकून बघितलं आणि पुन्हा आत वळली.

आता ती कोट एकेक करून उचलू लागली. एक उचलला तर त्याच्याबरोबर आणखी चार आले. तिने हँगर पाहिले. एकाचा हूक इकडे तोंड करून, पुढच्याचा तिकडे, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे, एकमेकांत गच्च बसलेले. भरताना सगळे हूक एकाच दिशेला, असा तिचा दंडक होता. तिने दुसरा गठ्ठा चाचपला. तोही तसाच.

आपली चूक होत असेल, असं तिने स्वतःला बजावून पाहिलं. तिसरा गठ्ठा उचलायचा तिला धीर झाला नाही. माल भरला त्या संध्याकाळी ताई म्हणाली होती, डोळे बघ कसे झालेत, जा, घरी जाऊन झोप, पुढचं मी बघते. आणि ती खरंच जाऊन झोपली होती. मेल्यासारखी, निर्धास्त.

बाहेर आली तेव्हा तिचा आवाज कोरडा होता.

"मिस्त्री, यातली एक दांडी पुन्हा बसवा. दाराजवळच्या खाचेत. साहेब, मला एक दाखवायचंय."

दांडी बसली. धाकटीने चांगले पंधरावीस कोट टांगले, सगळे हूक भिंतीकडे. मग म्हणाली, "आता उतरवा. ड्रायव्हरदादा, आधी तुम्ही."

ड्रायव्हरने कवेत मावतील तेवढे कोट ओढले. दोन हँगर खणखणत खाली पडले. मिस्त्रींनी एकेक कोट उचलून हाताच्या घडीवर टाकला, हूक सगळे एकाच बाजूला.

"ताई, तू."

"मी कशाला?" ताई हसली. "काय खेळ मांडलायस?"

"उतरव ना."

ताईने हात वर केले. पहिला कोट काढला. दुसरा काढताना मनगट सहज फिरलं आणि हूक उलटा झाला. तिसरा सुलट. चौथा उलट. पाचवा घेऊन तिने गठ्ठा दाबला, तो गच्च बसला. मग तिचं लक्ष समोर गेलं. धाकटी तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती. ताईचे हात जागच्या जागी थांबले.

धाकटीने आतून एक गठ्ठा आणून साहेबांच्या हातात दिला. "हा ढिगातला. आणि तो ताईच्या हातातला. बघा."

साहेबांनी दोन्ही पाहिले. "हे काय आहे?"

"आमच्या बाबांची पद्धत. दुकानात कपडे उतरवताना गठ्ठा सुटून धुळीत पडू नये म्हणून हूक एक इकडे, एक तिकडे. आम्ही दोघी बोलायच्या आधी हे शिकलो असू. इथे ही पद्धत मला येते आणि ताईला येते."

"पण दांड्या पडल्या कशा?"

"पडल्याच नाहीत. भरलेली दांडी सुटली तर कोटांची टोकं आधी टेकतात आणि दांडी हँगरसकट वर येऊन पडते. इथे दांड्या तळाशी आहेत. वजन असताना पीन निघत नाही, म्हणून आधी कोट उतरवावे लागले. ते ठेवले कुठे? वर्कशॉपच्या जमिनीवर, म्हणून कीस लागला. मग पिना काढल्या, दांड्या खाली घातल्या आणि कोट वरून टाकले. सील लागलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर दार नुसतं लोटलेलं होतं, म्हणून सील शाबूत आणि ड्रायव्हरदादांना आवाज नाही. सील लावलं ताईने."

"हे मिस्त्रीही करू शकले असते," साहेब म्हणाले.

"करू शकले असते. पण त्यांनी कोट असे धरले नसते. आत्ता पाहिलंतच तुम्ही. माल खराबच करायचा तर कोट फरफटत आणले असते तरी चाललं असतं. पण ताईचे हात तसे नाहीत. माझा गळा कापतानासुद्धा तिने कपडे नीटच उतरवले."

मिस्त्री टोपीशी चाळा करत जमिनीकडे बघत होते.

"का गं?" धाकटीचा आवाज आता फाटला. "आणि वर मिस्त्रींना पुढे केलंस. का केलंस?"

ताईने गठ्ठा छातीशी धरला होता. "मला विचारतेस? यांच्या ऑफिसातून फोन आला होता, मी घेतला. तुमच्या बहिणीसाठी तिकडे राहायला घर बघतोय म्हणाले. तिकडे, समुद्रापार. चाचणी झाली की तू जाणार. जगाला माहीत आणि मला नाही. तुझ्यासाठी मी काय केलं नाही? आणि तू मला एका शब्दानेसुद्धा..." तिने गठ्ठा आणखी आवळला. "हे पडलं असतं तर तू राहिली असतीस. एवढंच हवं होतं मला."

साहेबांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच ते अवघडलेले दिसले.

"बाई, घराचं आमच्याच लोकांनी घाईने सुरू केलं होतं. तिकडच्या नोकरीला तुमच्या बहिणीने मला परवाच नकार कळवला. ताईला एकटं टाकून येणार नाही म्हणाल्या. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा नाही."

ताईने धाकटीकडे पाहिलं. तिच्या हातातला गठ्ठा सैल झाला, पण हूक अडकलेले होते, एकही कोट पडला नाही.

"मग मला सांगायचंस तरी," ती कशीबशी म्हणाली.

"काय सांगायचं? जायचंच नव्हतं. सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं की तुझ्यासाठी मी काही सोडलं. तुला ते ओझं नको म्हणून गप्प बसले."

ताई खाली टेकली, तिथेच, कोटांच्या ढिगावर. तिला धरावं असं धाकटीला वाटलं. हात पुढे झालासुद्धा. पण तिने तो मागे घेतला आणि ताईच्या मांडीवरचा गठ्ठा तेवढा उचलला. एकेक हूक सोडवून तिने ते पाचही कोट दांडीवर टांगले, सगळे भिंतीकडे तोंड करून.

"साहेब, मिस्त्रींचं काम चोख आहे, तेवढं वर कळवा. पुन्हा माल भरू, पुन्हा फेरी करू. या वेळी सील मी लावीन."

"कळवतो."

"आणि तिकडची ती नोकरीची जागा," धाकटी म्हणाली. पाठ अजून ताईकडेच होती. "अजून रिकामी आहे का?"

साहेबांनी एकदा ताईकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"आहे," ते म्हणाले.

"मग मी येते."